निर्मळ : एका लहान गावाचा ठेवा

(मंदिर जीर्णोद्धारानिमित्त ग्रामस्थांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कळस चढण्याच्या दिवशी पुराण सांगावे, कीर्तन करावे ही आपल्याकडची रीत. आजचा विषय पुराणाचा थोडा आहे, दप्तराचा अधिक आहे. विषय आहे शेजारचे निर्मळ गाव. निर्मळला गेला नाही असा माणूस वसई तालुक्यात सापडावयाचा नाही. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून, मोठेपणी सायकलवर, आता रिक्षाने, पण कार्तिकातील जत्रेला प्रत्येक जण गेलेला असतो. सुकेळी घेतली, भांडे घेतले, समाधीपुढे डोके टेकले की जत्रा झाली. पण जिथे डोके टेकले ते ठिकाण तिथे कसे राहिले, कोणी मोडले, कोणी बांधले, आणि मधल्या काळात ते कोणी सांभाळले, हे विचारण्यास जत्रेत सवड नसते. म्हणून ते आज येथे सांगावयाचे.

निर्मळ गाव वसईच्या उत्तरेस सुमारे सहा मैलांवर आहे. पूर्वेस सोपारे, उत्तरेस आगाशी, पश्चिमेस समुद्र. सभोवती केळीच्या व पानवेलीच्या वाड्या. ज्या काळी विजेचे पंप नव्हते त्या काळी या पट्ट्यात पहाटेपासून रहाटांची करकर ऐकू येई. बैल फिरे, माळेवरची मडकी विहिरीतून पाणी आणून पन्हळीत ओतीत आणि पाटाने ते बागायतीत जाई. गावात देवळे आहेत, चर्चही आहे. ब्राह्मण, वाडवळ, ख्रिस्ती सामवेदी अशी सर्व वस्ती एकमेकांच्या कुंपणाला कुंपण लावून राहिलेली. आणि या सर्वांच्या मध्यभागी तळे. निर्मळची सारी गोष्ट या तळ्याभोवती फिरते.

पुराणकथा अशी की, या भागात विमल नावाचा असुर माजला होता. तो शिवभक्त, त्यामुळे त्याला हात कोण लावणार! तो ऋषींना त्रास देऊ लागला तेव्हा परशुरामाने त्याच्याशी युद्ध करून त्याचा वध केला. त्याच्या नावाने येथील शिवलिंग विमलेश्वर म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि विमल व निर्मल ही तीर्थे प्रसिद्ध झाली. साऱ्या कोकणची भूमी परशुरामाने समुद्राकडून मिळवली अशी आपली श्रद्धा आहे, तेव्हा तिच्या या उत्तर टोकाला त्याचे एक तीर्थ असावे यात नवल नाही. कथेतली एक बाब मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. मारणाऱ्याचे नाव तीर्थाला मिळाले नाही, मेलेल्याचे मिळाले. विमल असुर असला तरी भक्त होता, एवढी नोंद लोकांनी ठेवली. आपली माणसे शत्रूचेही खाते बंद करताना जमेची बाजू लिहून ठेवतात.

पुराण येथे थांबते, इतिहास सुरू होतो. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. तेव्हापासून दोनशे वर्षांहून अधिक काळ हा मुलूख त्यांच्या ताब्यात होता. त्या राजवटीत येथील देवळे पाडली गेली. ठाणे जिल्ह्याचे जे जुने गॅझेटियर १८८२ साली छापले गेले, त्यात निर्मळ हे जिल्ह्यातील अत्यंत पवित्र स्थानांपैकी एक असे म्हटले असून तेथील लिंग पोर्तुगीजांनी फोडल्याची हकिकत दिली आहे. हे सांगताना आज कोणाविषयी मनात कडवटपणा आणण्याचे कारण नाही. ज्यांनी फोडले ते लिस्बनहून आलेले राज्यकर्ते होते, ते निघून गेले. ज्यांची घरे त्या काळात ख्रिस्ती झाली ती माणसे येथलीच, याच मातीतली. त्यांची बोली, त्यांची शेती, त्यांच्या लग्नातली गाणी व चालीरीती पाहिल्या की शेजारधर्म किती जुना आहे ते कळते.

आता विचार करण्यासारखी गोष्ट ही. दोनशे वर्षे म्हणजे सात-आठ पिढ्या. सात-आठ पिढ्या देऊळ नाही, पूजा नाही, पुजारी नाही. तरी पुढे देऊळ उभे राहिले ते निर्मळलाच कसे? जागा लोकांच्या लक्षात कशी राहिली? याचे उत्तर तळ्यात आहे असे वाटते. देऊळ पाडता येते, लिंग फोडता येते, तळे फोडता येत नाही. गुरे पाण्याला तिथेच न्यावी लागतात, बायका धुण्याला तिथेच जातात, आणि बाई धुणे धूत असता सासूने सांगितलेली गोष्ट सुनेला सांगते. तीर्थाचे नाव पाण्याला चिकटून राहिले. गावाचे नाव तेच, तळ्याचे नाव तेच. कागदावर नसलेला असा हा पुरावा, पण शतके टिकला.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. त्या मोहिमेत किती माणूस पडला, सुरुंग कसे लावले, हे येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही, शाळेतल्या पोरांनाही ते पाठ आहे. कमी सांगितली जाणारी गोष्ट त्यानंतरची आहे. तहात, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मुभा ठेवली गेली. आणि या प्रांताचा कारभार सरसुभेदार शंकराजी केशव फडके यांच्याकडे आला. शंकराजीपंत हे नाव वसईकरांनी विसरू नये असे आहे. गॅझेटियरप्रमाणे १७५० च्या सुमारास त्यांनी निर्मळची देवळे बांधली अथवा दुरुस्त केली. लढाई जिंकणारे सेनापती पुण्याला परत जातात. मागे राहून वसूल बसवणे, पडलेली घरे उभारणे, देवळांना नेमणूक लावून देणे, हे काम कारभाऱ्याला करावे लागते, आणि त्याचा पोवाडा होत नाही.

अर्नाळ्याच्या किल्ल्याच्या दरवाजावर एक मराठी शिलालेख आहे. अर्नाळा बेट मराठ्यांनी १७३७ साली घेतले आणि तेथे जंजिरा बांधला, त्या वेळचा हा लेख. त्यात बाजीरावांच्या आज्ञेचा उल्लेख आहे, ती आज्ञा पाळणाऱ्या शंकर यांचे नाव आहे (ते हेच शंकराजीपंत असे मानले जाते), आणि ज्याने प्रत्यक्ष बांधकाम केले त्या बाजी तुळाजीचेही नाव आहे. पेशवा, अधिकारी आणि कारागीर, तिघांची नावे एका दगडावर. देणगीदार मंडळी येथे बसली आहेत म्हणून मुद्दाम सांगावयाचे. आपल्या संगमरवरी फलकावर रकमेच्या उतरत्या क्रमाने नावे येतात, पंख्याच्या पात्यावरही येतात, आणि ती यावीत, कारण दात्याचे नाव राहिले पाहिजे. पण गवंडी, सुतार आणि पाथरवट यांची नावे कोणत्या फलकावर आहेत? अर्नाळ्याला पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ समुद्राचे वारे खात बाजी तुळाजीचे नाव उभे आहे.

निर्मळला एका शंकराचार्यांची समाधी आहे, आणि त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त कार्तिक वद्य एकादशीस जत्रा भरते. त्याच एकादशीला तिकडे आळंदीला वारकऱ्यांचा मेळा जमलेला असतो. कार्तिकाच्या त्या आठवड्यात भाताची कापणी बहुधा आटोपलेली असते, हातात चार पैसे असतात, हवा गार पडू लागलेली असते. जत्रेला याहून चांगला मुहूर्त नाही. १८८२ च्या त्या गॅझेटियरातही या जत्रेचे वर्णन आहे. तीत हिंदूंबरोबर मुसलमान, ख्रिस्ती व पारशी लोकही येतात असे नोंदले आहे. तांब्या-पितळेची भांडी, कापड, मिठाई, गुरे आणि सुकवलेली केळी हा विक्रीचा माल. म्हणजे जे आपण आज पाहतो ते आजचे नाही. शंकराचार्यांच्या पुण्यतिथीला ख्रिस्ती शेतकरी बैल घेण्यास येतो, पारशी शेटजी भांडी पाहतो, यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. गुरांचा बाजार आज पूर्वीसारखा राहिला नाही, बैलच राहिले नाहीत तर बाजार कशाचा! पण बाकीचे चालू आहे.

सुकेळीविषयी दोन शब्द अधिक बोलले पाहिजेत, कारण ठेवा म्हटला की लोकांना फक्त दगड आठवतात. सुकेळी ही राजेळी केळ्याची होते. वाटेल ते केळे चालत नाही. राजेळी घड पिकवून, साल काढून, फळे मांडवावर उन्हात वाळत घालतात. दिवसा ऊन द्यावयाचे, दव पडण्यापूर्वी झाकावयाचे, उलटसुलट करावयाचे, असे कित्येक दिवस चालते. केळे आक्रसते, मधासारखा रंग येतो, चकाकी येते. मग केळीच्याच वाळक्या पानात बांधून त्याचे पुडे करतात. साखर नाही, तेल नाही, फक्त ऊन आणि हात. हे काम प्रामुख्याने घरातल्या बायकांचे. कोणते फळ कधी उलटावे हे कोणत्याही पुस्तकात नाही. अलीकडे राजेळीच्या बागा कमी झाल्या, वाड्यांच्या जागी इमारती आल्या, आणि सुकेळी करणारी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. जत्रेत सुकेळी मिळते तोवर घ्यावी आणि भावासाठी घासाघीस करू नये. देवळाचा खांब पडला तर दुसरा बसवता येईल, हा हात गेला तर बसवता येणार नाही.

आता निर्मळच्या वेशीबाहेर थोडे जाऊ. जवळच सोपारे. अपरान्ताची ही जुनी राजधानी आणि बंदर, परदेशी व्यापाऱ्यांच्या लिखाणातही त्याचे नाव येते. तेथे बुरूड राजाचा कोट म्हणून मातीचे एक टेकाड होते. बुरूड राजाचे, म्हणजे टोपल्या विणणाऱ्याचे, असा लोकांचा समज. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खोदले. आत निघाला बौद्ध स्तूप. मध्यभागी दगडी पेटी, तीत तांब्याचा करंडक, त्याभोवती बुद्धांच्या आठ मूर्ती. करंडकात एकात एक असे चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात काय असावे? मातीच्या भांड्याचे थोडे तुकडे. भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून भक्तांनी जपलेले. सोबत यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणेही मिळाले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे हा ठेवा गेला. खापराच्या तुकड्याला सोन्याची पेटी करणारे लोक याच तालुक्यात होऊन गेले.

त्याच वर्षी सोपाऱ्यास भाटेला तळ्याजवळ एक फुटका दगड मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरे होती. सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तो तुकडा निघाला. पुढे १९५६ साली भुईगावात आणखी एक तुकडा सापडला, तो नवव्या आज्ञालेखाचा. भुईगाव म्हणजे येथून चालत जाण्याच्या अंतरावर. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाचा हुकूम इतका काळ गावात पडून होता. त्यावर कोणी कोयता घासला असेल, कोणी बसून विडी ओढली असेल. ज्यांना अक्षर कळत नव्हते त्यांचा दोष नाही. हे दोन तुकडे आज ओळखले गेले आहेत. या लेखाचे बाकीचे दगड कोठे गेले हे मात्र कळावयास मार्ग नाही. कोणत्या घराच्या जोत्यात, कोणत्या विहिरीच्या काठात ते बसले असतील.

आगाशीला शके १०७२ चा, म्हणजे इ.स. ११५० चा, शिलाहार राजा हरिपालदेव याचा शिलालेख मिळालेला आहे. शिलाहारांच्या काळचे असे लेख कोकणात बरेच आहेत. वर चंद्र-सूर्य कोरलेले, मध्ये दानाचा मजकूर, आणि खाली पुष्कळदा गाढवाचे असभ्य चित्र, ज्याला गधेगाळ म्हणतात. दिलेले दान जो मोडील त्याला दिलेली ती शिवी होय. परळ येथील शके ११०८ च्या लेखात अशी शिवी चक्क मराठीत लिहिलेली आहे. भाषेचे अभ्यासक तिला मराठीचा जुना नमुना म्हणून वाचतात. चंद्र-सूर्य असेतोवर दान चालावे आणि न पाळणाऱ्याची लाज जावी, हा त्या काळचा दस्तऐवज. मुद्रांक नव्हता, नोंदणी कार्यालय नव्हते, तेव्हा दगड आणि शिवी यांवर काम भागत असे. असे दगड गावकऱ्यांना नीट समजत नाहीत, चित्र पाहून लाज वाटते, म्हणून ते उलटे करून पायरीला लावले जातात. किंवा शेंदूर फासून त्यांचा देव केला जातो. शेंदराने निदान दगड टिकतो तरी.

येथे एका परदेशी रीतीची माहिती देणे उपयोगी पडेल. फ्रान्स देशात खेड्याला किंवा शहराला, दोघांनाही, कारभाराच्या भाषेत कम्यून म्हणतात. तेथील राज्यक्रांतीच्या वेळी, डिसेंबर १७८९ च्या कायद्याने, जुन्या चर्चच्या हद्दी धरून गावोगाव ही कम्यून स्थापन झाली. आज त्यांची संख्या सुमारे ३५ हजार आहे, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी ५०० देखील लोकवस्ती नाही. आपल्याकडच्या एखाद्या पाड्याएवढे गाव, पण त्याला स्वतःचा महापौर, स्वतःची कचेरी आणि स्वतःचे दप्तर. १९०५ साली तेथे धर्म आणि सरकार वेगळे करण्याचा कायदा झाला. तेव्हा बहुतेक जुनी गावचर्चे कम्यूनच्या मालकीची ठरली. पूजा पाद्र्याने करावी, छप्पर गळले तर कौले गावाने बदलावीत, अशी वाटणी. महापौर स्वतः देवाधर्माचा नसला तरी चर्चच्या घंटेचा दोर कुजला की बदलण्याची चिंता त्याला करावी लागते. शंभरावर वर्षे हा संसार चालू आहे. भांडणे होतात, पैसा अपुरा पडतो, काही चर्चे पडायलाही आली आहेत. आपल्याकडे विश्वस्त आणि ग्रामपंचायत यांच्यात जे होते तेच तिकडेही होते, भाषा तेवढी वेगळी.

पण दोन गोष्टी त्यांच्याकडून पाहण्याजोग्या आहेत. एक अशी की, १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात मेलेल्या गावच्या जवानांची नावे कोरलेला स्तंभ जवळजवळ प्रत्येक कम्यूनमध्ये आहे. वर्षातून एकदा त्यापाशी गाव जमते. आपले वीरगळ म्हणजे दुसरे काय? खालच्या पट्टीत लढाई, वर स्वर्गात जाणारा वीर, सर्वांत वर शिवपूजा. बोरिवलीजवळ एक्सरला तर जहाजांच्या लढाईचे वीरगळ आहेत. फरक इतकाच की, आपल्या वीरगळांवर बहुधा नाव नाही, आणि त्यापाशी जमण्याची तारीखही नाही. दुसरी गोष्ट नोंदीची. १९६४ साली त्या सरकारने सबंध देशातील ठेव्याची पाहणी सुरू केली, आणि लहान चमच्यापासून मोठ्या चर्चपर्यंत सर्व काही टिपावयाचे, अशी त्या कामाची ख्याती झाली. मोठ्या किल्ल्याची नोंद आपल्याकडेही आहे. वसईचा किल्ला, अर्नाळ्याचा किल्ला आणि सोपाऱ्याचा स्तूप ही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारके आहेत. चमच्याची नोंद मात्र आपल्याकडे कोणी करावयाची, हा प्रश्न आहे.

वसईतून गेलेल्या घंटांचेच पाहा. विजयानंतर येथील चर्चच्या घंटा मराठे सरदारांनी नेल्या व देवांना वाहिल्या असे सांगतात. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर मोठी घंटा आहे, तिच्यावर पोर्तुगीज अक्षरे व १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्याशेजारी घाटावर दुसरी आहे, तिच्यावर १७०७ साल आणि मेरी व बाळ येशू यांची आकृती. त्या देवळांतील कोणी ती आकृती खरवडून काढली नाही. घंटा आपली म्हणून लावली, आणि तिच्यावरची खूणही राहू दिली. म्हणूनच ती कोठून आली हे आज सांगता येते. खूण पुसली असती तर ती नुसती पितळेची वस्तू ठरली असती.

हे सर्व सांगण्याचे कारण आपल्या गावच्या कामात आहे. नवे मंदिर सुंदर झाले आहे, गाभाऱ्यात उजेड आला, सभामंडपात पाऊस लागणार नाही, म्हाताऱ्यांना बसण्यास जागा झाली. यासाठी ज्यांनी घाम गाळला आणि ज्यांनी पैसा दिला त्यांना धन्यवाद द्यावेत तितके थोडेच. परंतु जुन्या मंदिराचे खांब, दोन-तीन कोरीव दगड, जुनी दीपमाळेची बैठक आणि लाकडी तुळया पिंपळाच्या पाराशी ठेवल्या आहेत. पाऊस येत आहे. ठेकेदाराला रस्त्याच्या बाजूस भराव घालावयाचा आहे, त्याला दगड हवे आहेत. कोणी म्हणतो तुळया विकून चार पैसे येतील. समितीने याचा निर्णय अद्याप केलेला नाही, आणि तो या पंधरवड्यात करावा लागणार आहे.

निर्णय करताना कायद्याच्या काही बाबी माहीत असाव्यात. शंभर वर्षांहून जुनी कोरीव मूर्ती अथवा शिल्प हे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते, ते परदेशी विकता येत नाही आणि देशात विकण्यासही परवाना लागतो. पाया खणताना नाणी, ताम्रपट, दागिने असे दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हा कायदा १८७८ पासूनचा आहे. लोकांना धास्ती वाटते की कळवले तर काम बंद पडेल. काम काही दिवस थांबते खरे. पण लपवलेले ताम्रपट भंगारात जातात हे त्याहून खरे. भगवानलाल इंद्रजींच्या हाती पडले ते वाचले गेले, भट्टीत गेले ते वितळले.

दुसरी बाब मंदिराच्या जमिनीची. देवस्थान इनामाच्या जमिनीची नोंद गावनमुना तीनमध्ये असते. विश्वस्त संस्थेची मिळकत धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत असते. या दोन्ही नोंदी जुळतात का हे जीर्णोद्धाराच्या वेळी पाहावे, नंतर कोणी पाहत नाही. विहिरीवर जाण्याची वाट, तळ्यावर गुरे नेण्याची वाट, विसर्जनाची जागा, जत्रेचे मैदान, हे वहिवाटीचे हक्क तोंडी असतात, आणि तोंडी हक्क कुंपण पडेपर्यंतच टिकतात. १९८० नंतर या पट्ट्यात जमिनीला जो भाव आला त्यात किती वाटा बुजल्या हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. २००९ साली चार नगरपालिका आणि अनेक ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. आपली ग्रामपंचायत राहावी म्हणून किनाऱ्यावरच्या गावांनी त्या वेळी मोठे आंदोलन केले. २०१४ साली ऑगस्टच्या पहिल्या तारखेस ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. प्रत्येक फेरबदलात दप्तर एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाते. गाठोडी बांधली जातात, सोडली जातात, काही पाने वाळवीला जातात. गावाचा कारभार कोठूनही चालो, गावाची एक वही गावात असली पाहिजे, असे वाटते ते यामुळे.

अशी वही अवघड नाही. दोनशे पानांची एक बांधीव वही घ्यावी, विश्वस्तांच्या कपाटात ठेवावी, तिची एक प्रत शाळेत ठेवावी. जुन्या वस्तूंना क्रमांक द्यावेत. प्रत्येक दगडाची लांबी, रुंदी, त्यावर काय कोरले आहे, पूर्वी तो कोणत्या जागी होता, हे लिहावे. जुन्या जागा सांगणारी माणसे आज हयात आहेत, पाच वर्षांनी असतील याची खात्री नाही. मुलांनी मोबाइलवर फोटो काढावेत, पण ते मोबाइलमध्येच ठेवू नयेत, छापून वहीत चिकटवावेत. दगड तेलरंगाने रंगवू नयेत, घासू नयेत, अक्षर दिसले तर त्यावर कोळसा अथवा खडू ओढू नये. ते पाराभोवती जमिनीपासून वीतभर उंच बसवावेत आणि वर पत्र्याचे साधे छप्पर करावे. चांगल्या तुळयांचा उपयोग भजनाच्या ओसरीला होईल. आणि त्याच वहीत सध्याच्या गवंड्यांची, सुतारांची व रंगाऱ्यांची नावे त्यांच्या गावासह लिहावीत.

शंकराजीपंतांना निर्मळची जागा सापडली कारण तळे होते. आपल्या गावचे तळे १९८५ च्या आसपास अर्धे बुजले, उरलेल्या अर्ध्यात शेवाळ आहे. त्याचा गाळ उपसण्याचे काम या जीर्णोद्धाराच्या अंदाजपत्रकात धरलेले नाही. फुलांच्या सजावटीसाठी आणि ध्वनिक्षेपकासाठी जी रक्कम धरली आहे तिच्यातून निदान एका उन्हाळ्याचा गाळ निघेल, असा हिशेब समितीपुढे मांडला गेला आहे. तो मान्य झाला तर ट्रॅक्टर वैशाखात लावावे लागतील, कारण मृगाच्या आधी गाळ वाड्यांत पसरला तरच केळीला त्याचा उपयोग होतो. ज्यांना गाळ हवा असेल त्यांनी आपली नावे पुजाऱ्यांकडे द्यावीत. पाराशी ठेवलेल्या दगडांची मापे येत्या रविवारी सकाळी घ्यावयाची आहेत. टेप समितीकडे आहे, दगड उलटण्यास चार गडी लागतील.